पाळीबदलाची दहा मिनिटे परत द्या : व्यवस्थापन मंडळास खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि व्यवस्थापन मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

चार महिन्यांपूर्वी आपल्या सहीने एक परिपत्रक निघाले. पाळीबदलाच्या वेळी विभागप्रमुख आणि कामगार यांच्यात रोज होणारे दहा मिनिटांचे बोलणे ‘अनुत्पादक वेळ’ ठरवून त्या परिपत्रकाने बंद केले. त्या बोलण्यात निघालेले प्रश्न ज्या फळ्यावर लिहिले जात, तो फळा उतरवला गेला आणि त्याच्या जागी संगणकावरचा सूचना कक्ष आला. कर्मचाऱ्यांच्या पाहणीत ‘वरिष्ठांच्या शब्दावर विश्वास’ या रकान्याखाली निराशाजनक उत्तरे आली होती, म्हणून तो विश्वास वाढवण्यासाठी वर्षातून एकदा दोन दिवसांची कार्यशाळा घेण्याचेही त्याच कागदावर ठरले. पहिल्या दोन निर्णयांनी जे मोडले तेच तिसऱ्याने बांधायचे आहे, हे तो कागद तयार करताना कोणाच्याही लक्षात आले नाही, याचे मला तेव्हाही दुःख झाले होते. तरीही मी गप्प राहिलो, कारण आपल्याला दोनदा लेखी विनंती केली होती आणि उत्तराची वाट पाहत होतो. गेल्या आठवड्यात तिमाही अहवाल आला आणि त्यात ‘कामगारांच्या तक्रारींची संख्या लक्षणीय घटली’ हे वाक्य यश म्हणून छापलेले दिसले. ते वाचल्यावर मात्र गप्प राहणे मला शक्य नाही.

मी या कारखान्यात २२ वर्षे काम करतो आहे आणि त्यांपैकी १३ वर्षे पाळीप्रमुख आहे. कारखान्याचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण त्याची बदनामी व्हावी अशी माझी इच्छा नाही. माझे उमेदीचे सगळे आयुष्य तिथे गेले आहे. पत्र खुले ठेवले आहे ते एवढ्यासाठी की अशी परिपत्रके इतरत्रही निघतात, आणि जी गोष्ट इतकी लहान आहे की तिच्यासाठी भांडायचे कसे हे कोणाला कळत नाही, तीच गोष्ट सगळीकडे आधी कापली जाते.

ती दहा मिनिटे कशी सुरू झाली हे मंडळातल्या बहुतेकांना ठाऊक नसेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. माझ्या एका सहकाऱ्याची दोन बोटे यंत्रात गेली, तेव्हा चौकशीत निघाले की यंत्राची संरक्षक जाळी सैल झाल्याचे आधीच्या पाळीला माहीत होते. त्यांनी ते वर सांगितलेही होते. पण सांगितल्यावर काय झाले, हे त्यांना कोणी उलटून कळवले नव्हते, आणि आपले बोलणे कुठे पोहोचते की नाही याची खात्री नसलेल्या माणसांनी ते पुन्हा सांगितले नव्हते. त्यानंतर आमचे त्या वेळचे विभागप्रमुख रोज पाळीबदलाला हातात खडू घेऊन फळ्यापाशी उभे राहू लागले. त्यांचा नियम साधा होता. कोणीही विचारलेला प्रश्न तारखेसह फळ्यावर लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाळीसमोर त्याखाली तीनपैकी एक उत्तर लिहायचे : ‘झाले’, ‘होणार नाही’ आणि त्याचे कारण, किंवा ‘अजून माहीत नाही, अमुक दिवशी सांगतो’. खाली स्वतःची सही. तिसरे उत्तर लिहिले की तो दिवस उजाडताच ते पुन्हा त्या ओळीपाशी येत, आणि अजूनही माहीत नसेल तर तेही सगळ्यांसमोर म्हणत.

पहिले काही दिवस कोणीही काही विचारले नाही. मग एकाने कपडे बदलण्याच्या खोलीतल्या बंद दिव्याबद्दल विचारले. दुसऱ्या दिवशी दिवा लागला. त्यानंतर कित्येक आठवडे असलेच प्रश्न येत राहिले : हातमोज्यांचे माप, मोडका बाक, पंख्याचा आवाज. वरच्या काही अधिकाऱ्यांना तेव्हा वाटले की कामगारांकडे विचारण्यासारखे दुसरे काही नाही आणि हा वेळ वाया चालला आहे. चौथ्या महिन्यात त्याच दिवेवाल्या सहकाऱ्याने फळ्यापाशी येऊन सांगितले की एका यंत्राचे आपत्कालीन थांबा बटण महिनाभर चालत नाही आणि उत्पादन अडू नये म्हणून आम्ही ते तसेच चालवतो आहोत. हे सांगण्यात त्याचा स्वतःचाही दोष उघड होत होता. दिव्याचा प्रश्न ही त्याने घेतलेली परीक्षा होती. पुलावरून ओझे नेण्याआधी माणूस एक पाय टाकून पाहतो तशी. दिव्याचे उत्तर मिळाले नसते तर बटणाची गोष्ट आम्हाला पुढच्या अपघाताच्या चौकशीत कळली असती. माझ्या सगळ्या नोकरीत विश्वासाबद्दल मला जे काही कळले ते त्या चार महिन्यांत कळले, आणि या पत्रात मी मागणार आहे तेही त्यातूनच आलेले आहे.

आता आपल्या अहवालातल्या त्या वाक्याकडे येतो. तक्रारी घटल्या म्हणजे त्रास घटला, असे आपण धरून चालला आहात. १९९० च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधक रुग्णालयांतील पथकांचा अभ्यास करत होत्या. ज्या पथकांत कामकाज आणि आपसातले संबंध चांगले आहेत तिथे औषध देण्यातल्या चुका कमी सापडतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या पथकांत जास्त चुका नोंदल्या गेल्या होत्या. कारण शोधताना दिसले ते असे की त्या पथकांतली माणसे आपल्या चुका बोलून दाखवू शकत होती आणि इतर पथकांतली त्या झाकत होती. यातूनच पुढे १९९९ मध्ये त्यांनी पथकातल्या मानसिक सुरक्षिततेची, म्हणजे न घाबरता बोलता येण्याची, कल्पना मांडली. आमच्याकडे फळा उतरल्यापासून तक्रारी घटल्या आहेत हे खरे आहे. माझ्या पाळीत लोक आता माझ्याशीही कमी बोलतात. हे यश म्हणून छापले गेल्यामुळे पुढची सैल जाळी कोण दाखवील, याची मला रोज रात्री काळजी वाटते.

माझे पहिले गाऱ्हाणे असे की हा निर्णय घेताना फळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या एकाही माणसाला विचारले गेले नाही. परिपत्रक आठवडा संपता संपता सूचनाफलकावर लागले आणि पुढच्या कामाच्या दिवशी फळा जागेवर नव्हता. एवढेच सांगतो आणि पुढे जातो, कारण याहून गंभीर गोष्टी आहेत.

दुसरे गाऱ्हाणे ‘अनुत्पादक’ या शब्दाबद्दल आहे. दहा मिनिटांना पाळ्यांनी आणि माणसांनी गुणून वर्षाचे तास काढले गेले, आणि ते तास वाचले असे मंडळासमोर मांडले गेले. त्या दहा मिनिटांत न झालेले अपघात, वेळेवर कळलेले बिघाड आणि पाळ्यांमधले टळलेले गैरसमज यांचा रकाना त्या तक्त्यात नव्हता, कारण न घडलेल्या गोष्टीची नोंद कुठेच होत नाही. मंडळाला पैशाच्या भाषेत बोलणे सोयीचे असेल तर तीही भाषा उपलब्ध आहे. टोनी सायमन्स या संशोधकांनी ७६ हॉटेलांतील साडेसहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना विचारले होते की तुमचे व्यवस्थापक दिलेला शब्द पाळतात का, बोलतात तसे वागतात का. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, पाच गुणांच्या मापावर याचे उत्तर गुणाच्या फक्त एक अष्टमांशाने जास्त असेल, तर त्या हॉटेलचा नफा एकूण उत्पन्नाच्या सुमारे अडीच टक्क्यांनी अधिक असण्याची अपेक्षा धरता येत होती. त्यांनी तपासलेल्या व्यवस्थापकांच्या इतर कोणत्याही गुणाचा नफ्याशी इतका मोठा संबंध दिसला नाही.

आमच्यासारख्याच धातूच्या उद्योगातले उदाहरण अल्कोआ या अॅल्युमिनियम कंपनीचे आहे. १९८७ मध्ये पॉल ओनील तिचे प्रमुख झाले आणि गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्याच भाषणात नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेबद्दल बोलले. भाषण कोणीही करू शकतो. त्यांनी त्यामागे एक रोजची शिस्त लावली : कुठेही कोणाला इजा झाली तर २४ तासांच्या आत तिची माहिती आणि ती पुन्हा होऊ नये यासाठीची योजना थेट त्यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. सुरुवातीच्याच काळात एका तरुण कामगाराचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांना एकत्र बसवून तो मृत्यू आपल्या नेतृत्वाचे अपयश आहे हे स्वतःकडे घेतले. त्यांच्या कारकिर्दीत, इजेमुळे कामाचा दिवस बुडण्याचे प्रमाण दर शंभर कामगारांमागे १.८६ होते ते ०.२ पर्यंत खाली आले, आणि कंपनीचा नफाही वाढला. चोवीस तासांचा तो नियम एकदा पाळून काही सिद्ध झाले नसते. तो कंटाळा येईपर्यंत पाळला गेला, म्हणून खालच्या माणसांनी वर बोलायला सुरुवात केली.

तिसरे गाऱ्हाणे सूचना कक्षाबद्दल. तिथे लिहिल्यावर क्षणात ‘आपली सूचना प्राप्त झाली आहे’ असे उत्तर येते. त्याखाली कोणाचेही नाव नसते. मी स्वतः केलेल्या एका नोंदीला आज ४१ दिवस झाले आणि ती कोणी वाचली की नाही हे मला समजलेले नाही. संगणकाला माझा विरोध नाही. नोंदी शोधायला तो फळ्यापेक्षा चांगलाच आहे. माझा विरोध बिननावी उत्तराला आहे. खडूने ‘होणार नाही’ असे लिहून खाली सही करणारा माणूस दुसऱ्या दिवशी आमच्यासमोर येऊन उभा राहत असे. नकाराने विश्वास जात नाही, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे; कारणासह दिलेल्या नकारानंतर तोच माणूस पुढच्या आठवड्यात नवा प्रश्न घेऊन येत असे. विश्वास जातो तो अधांतरी लटकत ठेवलेल्या उत्तराने.

चौथे गाऱ्हाणे वेळेबद्दल आहे आणि ते सांगताना मला संकोच वाटतो, कारण ते तक्रारीपेक्षा शिकवण्यासारखे वाटेल. पाळीप्रमुखांसोबतची मासिक बैठक गेल्या वर्षी १२ पैकी ९ वेळा पुढे ढकलली गेली. प्रत्येक वेळी कारण खरे होते, याबद्दल मला शंका नाही. पण वाट पाहण्याची पाळी नेहमी खालच्या माणसावर येते. मी दहा मिनिटे उशिरा आलो तर माझ्या हजेरीत ते दिसते. वरिष्ठ तासभर उशिरा आले तर ते कुठेच दिसत नाही. म्हणूनच वरिष्ठांनी पाळलेली वेळ खालच्यांना इतके काही सांगून जाते. जी गोष्ट पाळण्याची सक्ती कोणी करू शकत नाही ती माणूस पाळतो, तेव्हा त्यातून त्याचा हेतू दिसतो. सक्तीने पाळलेल्या गोष्टीतून तो दिसत नाही. मोठ्या समारंभात सगळेच चांगले वागतात, कारण सगळे पाहत असतात. ज्या दिवशी पाहणारे कोणी नसते, पाऊस असतो, डोके दुखत असते आणि बैठक टाळायला सहज कारण सापडण्यासारखे असते, त्या दिवशीच्या वागण्यावर आम्ही आमचा अंदाज बांधतो.

पाचवे, कार्यशाळा. मी तिथे दोन्ही दिवस हजर होतो. ती घेणारी मंडळी मनापासून काम करत होती आणि त्यांना मी दोष देत नाही. तिथल्या एका खेळात डोळे मिटून मागे पडायचे आणि सहकाऱ्यांनी झेलायचे असे होते. माझ्या पाळीतला एक जण निःशंक मागे पडला आणि आम्ही त्याला झेलले. त्याच माणसाचा आईच्या शस्त्रक्रियेसाठी दिलेला रजेचा अर्ज त्या वेळी १६ दिवस अनुत्तरित पडून होता. सोबत्यांच्या हातांवर त्याचा विश्वास आधीपासूनच होता. रोज जड वस्तू एकमेकांच्या भरवशावरच उचलतो आम्ही. त्याला ज्याचा भरवसा नव्हता त्या गोष्टीबद्दल दोन दिवसांत एक शब्दही निघाला नाही.

‘विश्वास पानिपतावर गेला’ असे आपण सहज म्हणून जातो, आणि त्यामुळे विश्वास एखाद्या मोठ्या घावाने एका दिवसात पडतो असे मनात बसते. मोठ्या घावाने तो पडतो हे खरेच आहे. पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये दाखवले होते की विश्वास घालवणाऱ्या घटना लोकांच्या जास्त डोळ्यांत भरतात आणि त्यांचे वजनही जास्त पडते. मिळवायला वेळ लागतो तितका घालवायला लागत नाही. पण मी माझ्या विभागात जो विश्वास जाताना पाहिला तो कोणत्याही लढाईत गेला नाही. ‘उद्या सांगतो’ म्हणून न सांगितलेल्या उद्यांमध्ये तो थोडा थोडा गेला. त्यातला एकही दिवस दाखवून ‘इथे गेला’ असे कोणी म्हणू शकणार नाही, आणि म्हणूनच त्याची जबाबदारीही कोणावर येत नाही.

हे मला इतक्या खात्रीने म्हणता येते कारण हीच चूक मी माझ्या घरात केलेली आहे. मुलगी लहान असताना माझी पाळी दर आठवड्याला बदलायची. ‘मधल्या सुट्टीत फोन करतो’, ‘येईन तेव्हा तुझे चित्र बघतो’ असे मी रोज म्हणायचो आणि अनेकदा राहून जायचे. कारणे माझीही खरीच होती. ती कधी रडली नाही, रुसली नाही. एके दिवशी माझ्या लक्षात आले की तिने चित्र दाखवायचे बंद केले आहे, आणि ते बंद होऊन किती दिवस झाले हे मला सांगता येईना. जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी नवविवाहित जोडप्यांचे निरीक्षण केले तेव्हा ते अशाच बारीक हाका मोजत होते : ‘हे बघ ना’, ‘आज काय झाले माहीत आहे का’, एखादा नुसता उसासा. सहा वर्षांनी पाहिले तर टिकलेल्या जोडप्यांनी निरीक्षणाच्या काळात अशा हाकांना शंभरपैकी ८६ वेळा प्रतिसाद दिला होता, आणि विभक्त झालेल्यांनी ३३ वेळा. माझ्या घरातला आकडा मी मोजला नाही. मोजला असता तर मला लाज वाटली असती.

मी तेव्हा तिच्यासाठी मोठी भेटवस्तू आणली नाही, कारण ती तिला नकोच होती. रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी मधल्या सुट्टीत फोन करायचा, एवढे एकच ठरवले, आणि ते पाळले. पहिले कित्येक आठवडे ती ‘हो’, ‘नाही’, ‘ठीक’ एवढेच बोलायची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक, म्हणजे मधोमध येणारा आकडा, ६६ होता, पण कोणाला १८ दिवस लागले तर कोणाला २५४ पर्यंत लागतील असा हिशोब निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. हा सवय लावून घेणाऱ्याचा हिशोब झाला. समोरच्याने त्या सवयीवर विसंबायला त्याहून जास्त वेळ लागतो, हे मी अनुभवाने सांगतो. जवळजवळ एक वर्षाने एका संध्याकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी तिनेच फोन केला. आज विभागात पसरलेली शांतता मला घरातल्या त्या शांततेसारखी वाटते, आणि म्हणून मी हे खाजगी प्रकरण चार लोकांसमोर लिहितो आहे.

मंडळाच्या बाजूने मांडला गेलेला एक मुद्दा मला प्रामाणिक वाटला आणि त्याचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मला सांगितले, की यंदा देण्यासारखे आमच्याकडे काही नाही; नवी यंत्रे नाहीत, वाढ नाही; मग रोज तुमच्यासमोर येऊन बोलायचे काय? मला या प्रश्नावर अंटार्क्टिकाच्या एका मोहिमेतले उपप्रमुख फ्रँक वाइल्ड आठवतात. मोहिमेचे प्रमुख अर्नेस्ट शॅकल्टन यांचे ‘एन्ड्युरन्स’ जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकून १९१५ मध्ये चिरडले गेले. एप्रिल १९१६ मध्ये शॅकल्टन पाच सोबत्यांना घेऊन लहानशा होडीतून मदत आणायला निघाले आणि वाइल्ड यांच्यासह २२ माणसे एलिफंट बेटावर उलट्या करून ठेवलेल्या दोन होड्यांखाली राहू लागली. वाइल्ड यांच्याकडे देण्यासारखे काहीही नव्हते. निघालेली होडी पोहोचली की बुडाली, हेही त्यांना माहीत नव्हते. पण सकाळ झाली की ते सगळ्यांना आपापले अंथरूण गुंडाळून तयार राहायला सांगत, कारण आज आपले प्रमुख येण्याची शक्यता आहे. नक्की येतील असे वचन त्यांनी दिले नाही, आणि येणार नाहीत म्हणून अंथरुणे पसरून ठेवू दिली नाहीत. चार महिन्यांहून अधिक काळ हे चालले. ३० ऑगस्ट १९१६ रोजी जहाज आले तेव्हा बावीसच्या बावीस माणसे जिवंत होती. देण्यासारखे काही नसते त्याच काळात रोज समोर येण्याला सर्वांत जास्त किंमत असते, एवढेच मी त्या अधिकाऱ्यांना सांगू इच्छितो. ‘आज काही नवे नाही, उद्या याच वेळी येतो’ हे वाक्य उच्चारायला अर्धे मिनिटही लागत नाही.

एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. गेल्या दोन वर्षांत दुसऱ्या पाळीत ती दहा मिनिटे पोकळ झाली होती. नवे अधिकारी कागद वाचून दाखवायचे, फळ्यावरच्या तारखा उलटून जायच्या, आणि आम्ही पाळीप्रमुखांनीही त्याबद्दल तोंड उघडले नाही. नुसती सवय पुरत नाही. मेयर, डेव्हिस आणि शूरमन या संशोधकांनी १९९५ मध्ये विश्वासाचे तीन आधार सांगितले होते : समोरच्याला काम येते का, त्याला आपले भले हवे आहे का, आणि तो तत्त्वाने वागतो का. रोज वेळेवर येऊन खोटे बोलणाऱ्या माणसावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण दुसऱ्या पाळीत बिघडले होते ते दुरुस्त करायला हवे होते. त्यासाठी तिन्ही पाळ्यांतले बोलणे बंद करण्याची गरज नव्हती.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहितो. तिन्ही पाळ्यांना पाळीबदलाची दहा मिनिटे कामाच्या वेळेत धरून परत द्यावीत, आणि तिथे विभागप्रमुखांनी स्वतः उभे राहावे. ते येणार नसतील तर कोण येणार हे आदल्या दिवशी सांगावे. फळा परत लावावा, किंवा संगणकच ठेवायचा असेल तर प्रत्येक उत्तराखाली उत्तर देणाऱ्याचे नाव आणि तारीख असावी. उत्तरे त्याच तीन प्रकारची असावीत. बैठक पुढे ढकलायची वेळ आली तर ढकलणाऱ्याने त्याच क्षणी नवी तारीख द्यावी, आणि ती दुसऱ्यांदा ढकलू नये. मंडळाच्या एका सदस्याने महिन्यातून एकदा रात्रपाळीच्या बदलाला यावे. रात्रपाळीच म्हणतो, कारण दिवसा येणारे पुष्कळ असतात; त्यांनी भाषण करू नये, आधीच्या महिन्यात जे प्रश्न घेतले त्यांचे काय झाले एवढेच सांगावे. तिमाही अहवालात तक्रारी किती घटल्या हे छापण्याऐवजी, किती प्रश्नांना कबूल केलेल्या तारखेला उत्तर मिळाले ते छापावे. कार्यशाळा बंद करावी असे मी म्हणत नाही. वर्षभर शब्द पाळला गेला तर त्या दोन दिवसांत माणसे आनंदाने येतील.

यातली कोणतीही मागणी मान्य होणे शक्य नसेल, तर तसे कारणासह कळवावे. ज्या दुपारी फळा उतरवला, त्या वेळी त्यावर चार प्रश्न उत्तराविना होते. खडू पुसला जाण्याआधी मी ते नोंदवहीत उतरवून घेतले होते आणि इथे जसेच्या तसे देतो. तीन नंबरच्या यंत्राच्या जाळीचा बदली बोल्ट कधी येणार? रात्रपाळीत प्रथमोपचार पेटीची किल्ली कोणाकडे असते? गेल्या वर्षी कबूल केलेली कानांची तपासणी कोणत्या महिन्यात होणार? नव्या मुलाला यंत्रावर एकटे उभे करण्याआधी किती दिवस सोबत द्यायची?

पहिल्या प्रश्नाला आज १२३ दिवस झाले आहेत. आपले उत्तर कोणत्या तारखेला येईल, एवढे तरी या आठवड्यात सांगावे.

आपला विश्वासू,
एक पाळीप्रमुख